सीपॅप बिघडली म्हणून नागपूर गाठण्याआधी

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा सोडणारी मशीन. तिच्या पोटात सतत फिरणारा भाग एकच, हवा ढकलणारा पंखा. बाकीचं सगळं बाहेर असतं: फिल्टर, पाण्याचा टब, पाइप, मास्क, ॲडॉप्टर. खेड्यात 'मशीन बिघडली' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो पंखा ठणठणीत असतो. घोटाळा असतो तो खोलीतल्या हवेत, बोरच्या पाण्यात, लाईनमध्ये, नाहीतर मास्कच्या पट्ट्यात. हे चारही घरी तपासता येतं. सिरोंचा किंवा धारणीहून मशीन उचलून शहरात नेली, तिथल्या माणसाने फिल्टर झटकून परत दिली, आणि मधल्या दोन रात्री पेशंट मशीनशिवाय झोपला, असं व्हायला नको.

एक गोष्ट आधी. ही मशीन ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा ती ठरावीक दाबाने नाकात सोडते, म्हणजे झोपेत घशाचा सैल झालेला भाग खाली बसून वाट बंद करत नाही. हा दाब पाण्याच्या उंचीच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. घरगुती मशीनवर तो ४ ते २० मध्ये कुठेतरी असतो आणि किती ठेवायचा ते डॉक्टर ठरवतात. सगळी तपासणी याच हिशेबाने करायची. दाब तयार होतो का, वाटेत कुठे निसटतो का, आणि नाकापर्यंत पोचतो का.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पेशंटची मशीन बायपॅप, म्हणजे श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारी, असेल आणि ती फुप्फुसं थकली म्हणून, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून दिलेली असेल, तर ती बंद पडल्यावर हा लेख वाचत बसू नका. जवळच्या रुग्णालयात फोन करा आणि निघा. घोरताना श्वास अडण्याच्या आजाराच्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या पेशंटला एक-दोन रात्री काढता येतात. बायपॅपच्या त्या पेशंटना मात्र नाही.

मशीन सुरूच होत नाही

स्क्रीन काळी आहे, बटण दाबून काही होत नाही. मशीनला दोष देण्याआधी ॲडॉप्टर बघा. त्याच्या डब्यावर बारीक दिवा असेल तर तो लागला आहे का? नसेल तर दुसऱ्या सॉकेटमध्ये, मोबाइलचा चार्जर चालतो अशा ठिकाणी लावून बघा. ॲडॉप्टरमध्ये घुसणारी वायर अर्धवट निघालेली असते, ती दाबून बसवा. मग मशीनच्या मागची पिन. रोज काढघाल करून ती सैल होते. पिन हलवल्यावर स्क्रीन लुकलुकली तर दोष तिथेच आहे. उंदीर असलेल्या घरात वायर पूर्ण लांबीवर बोटांनी चाचपा. पलंगामागे कुरतडलेली जागा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते.

मल्टिमीटर असलेला इलेक्ट्रिशियन गावात असतोच. त्याला ॲडॉप्टरवर छापलेला आकडा दाखवा. काही मशीनना २४ व्होल्ट डीसी लागतो, काहींना १२. मीटरवर तेवढा येत असेल तर ॲडॉप्टर ठीक. काहीच येत नसेल तर ॲडॉप्टर गेला, मशीन बहुधा वाचली आहे.

इथे एक मोह होतो. घरातल्या आरओ फिल्टरचा ॲडॉप्टरही २४ व्होल्टचा असतो, आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, पिन बदलून लावून देतो. नका लावू. आरओच्या ॲडॉप्टरवर दीड-दोन, फार तर अडीच ॲम्पिअर लिहिलेलं असतं, म्हणजे ३६ ते ६० वॅट. पाणी तापवणाऱ्या मशीनचा ॲडॉप्टर ६५ ते ९० वॅटचा असतो. रात्री पाण्याचं हीटर चालू झालं की मशीन धाप टाकून बंद पडेल, किंवा ॲडॉप्टर तापून जळेल. लॅपटॉपचा ॲडॉप्टर साधारण १९ व्होल्टचा, तोही चालत नाही. कंपनीचाच किंवा कंपनीने मान्य केलेलाच घ्यायचा. महाग पडतो, पण मशीनपेक्षा स्वस्त.

लाईनचा त्रास

ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. त्यामुळे संध्याकाळी लाईट डिम होऊन १६० वर आली तरी सीपॅपला फारसं काही होत नाही. घात होतो तो वरच्या बाजूने. डीपीवर न्यूट्रल तुटली की घरात २३०च्या जागी ३००-४०० व्होल्ट घुसू शकतात, आणि त्या रात्री गल्लीतले टीव्ही, चार्जर, बल्ब एकदम जातात. साधा स्पाइक गार्ड असलेला बोर्ड क्षणभराचा झटका अडवतो, ठाण मांडून बसलेला जास्त व्होल्टेज नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढल्याबरोबर लाईन तोडणारा प्रोटेक्टर किंवा हाय-कट असलेला स्टॅबिलायझर लागतो. विकत घेताना 'हाय कट आहे का' एवढंच विचारा. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या तर मशीन प्लगमधून काढून ठेवा; नुसतं बटण बंद करून भागत नाही.

लाईन गेली की काय होतं? हवा थांबते. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला, पाइप जोडतो त्या वाकड्या तुकड्याजवळ, म्हणजे मास्कच्या कोपराजवळ, एक पातळ झडप असते. हवा थांबली की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. महिन्यातून एकदा ती तपासा. मशीन बंद ठेवून मास्क लावा आणि श्वास घ्या. मोकळा यायला हवा. कोंडल्यासारखं झालं तर झडप साबणाच्या चिकट्याने किंवा कफाने अडकली आहे. धुवून पुन्हा बघा, तरी अडकली तर तो भाग बदला. नुसत्या नाकाच्या मास्कमध्ये पेशंट तोंडाने श्वास घेतो आणि बहुतेक वेळा जागा होतो.

लाईन आल्यावर मशीन स्वतः सुरू होईल असं धरून चालू नका. काही मशीन मास्कमध्ये श्वास घेतला की चालू होतात, काहींचं बटण दाबावं लागतं. दिवसा एकदा प्लग काढून, पुन्हा लावून आपली कोणत्या जातीची आहे ते बघून ठेवा.

इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर ॲडॉप्टर गुणगुणतो, तापतो, आणि मशीन मधेच बंद-चालू होते. आता बॅटरीचा हिशेब. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. लेड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ९००; इन्व्हर्टरची गळती धरली तर हातात ७०० राहतात. साधा सीलिंग फॅन ७५ वॅटचा, आठ तासांत ६०० खातो. पाणी न तापवता सीपॅप सरासरी २० वॅट धरली तर १६०. बेरीज ७६०, म्हणजे पहाटेच ओरड. पाणी तापवणं चालू असेल आणि सरासरी ५० वॅट धरली तर एकट्या मशीनचेच ४००. फॅन कमी वीज खाणारा बीएलडीसी केला, तो २८-३० वॅटचा, की साधारण २४० अधिक १६० मिळून ४०० वर काम निभतं. इन्व्हर्टर मोठा घेण्याआधी फॅन बदला आणि लाईन गेल्यावर पाण्याचं हीटर शून्यावर आणा, हा आमचा सल्ला.

ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट काढून थेट मशीनला देण्याची शक्कलही लढवली जाते. चार्ज झालेल्या दोन बॅटऱ्यांवर २५-२६ व्होल्ट असतात, चार्जिंग चालू असताना २८च्या वर जातात, आणि पिन उलटी लागली तर विषयच संपला. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचीच असेल तर त्या मॉडेलचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो घ्या.

हवा कमी येते, आवाज वाढला

आधी फिल्टर. मशीनच्या मागे किंवा बाजूला छोटं झाकण असतं, त्याआड काडेपेटीएवढा चौकोन. पांढरा, कागदासारखा असेल तर तो धुवायचा नसतो, फेकायचा असतो. स्पंजचा किंवा जाळीचा असेल तर साध्या पाण्यात चुरगळून धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. मशीनच्या पुस्तकात पांढऱ्या फिल्टरला जास्तीत जास्त सहा महिन्यांपर्यंतची मुदत दिलेली असते. ती स्वच्छ हवेतली मुदत आहे. आपल्याकडे भाव वाढेल म्हणून कापूस माजघरात भरून ठेवलेला असतो, आणि पेशंटची खाट त्याच खोलीत. त्या रेशांनी फिल्टर पंधरा दिवसांत गादीसारखा होतो. सोयाबीन, तूर काढताना उडणारं कुटार, चुलीचा धूर, मच्छर अगरबत्ती, सगळं त्याच वाटेने जातं. दर रविवारी फिल्टर उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला, तारीख बघू नका. वापरलेला पांढरा फिल्टर झटकून परत लावला की वरची धूळ जाते, आत रुतलेली तशीच राहते.

फिल्टर नाही म्हणून मशीन तशीच चालवू नका. रुमालाचा तुकडाही लावू नका. रुमालाने हवा अडते. दहा फिल्टरचं पाकीट घरात असू द्या.

फवारणीचा पंप, कीटकनाशकाच्या बाटल्या, युरियाची पोती त्या खोलीत नकोत. मशीन रात्रभर त्या खोलीतलीच हवा ओढते, आणि हा फिल्टर धुळीचा आहे, वासाचा आणि विषाचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून औषध घराबाहेर ठेवा हे सगळेच सांगतात. मशीन असलेल्या घराने तरी ते ऐकावं.

फिल्टर स्वच्छ असूनही जोर नाही? मग वेगवेगळं करून बघा. मशीनला फक्त पाइप जोडा, मास्क काढून ठेवा, चालू करा, पाइपचं तोंड तळहाताने बंद करा. सूं आवाज थांबला पाहिजे आणि तळहातावर दाब जाणवला पाहिजे. थांबला तर मशीन आणि पाइप ठीक, दोष मास्कमध्ये. आवाज चालूच राहिला तर पाइपला भोक आहे किंवा पाण्याचा टब नीट बसला नाही. साधा पाइप असेल तर सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतो तसं करा: एक टोक बंद, दुसऱ्याने फुंका, बादलीत बुडवा, बुडबुडे बघा. हीटरचा, म्हणजे आत तापणारी तार असलेला पाइप असेल तर बुडवू नका, साबणाचा फेस बाहेरून लावा. भोक बहुतेक मास्ककडच्या टोकाला, रबराचा कप जिथे संपतो तिथे असतं, कारण झोपेत कूस बदलताना तोच भाग वाकतो. चिकटपट्टीने दोन रात्री निघतील. पुढे पाइप बदला.

पाइप बदलताना जाडी विचारा. साधे पाइप १९ किंवा २२ मिलिमीटरचे, बारीक पाइप १५ चे. टोकाचा रबरी कप सारखाच असल्याने दोन्ही बसतात, पण बारीक पाइपमध्ये हवा जास्त अडते, म्हणून मशीनच्या सेटिंगमध्ये पाइपचा प्रकार तोच निवडावा लागतो. ही निवड चुकली की मशीन चुकीचा हिशेब करते आणि पेशंट म्हणतो, 'नवीन पाइप लावल्यापासून दम लागतो.' तो खरंच सांगत असतो.

चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं कोंडल्यासारखं होतं, ही तक्रार वेगळी. मशीन ४ पासून हळूहळू चढते, त्याला रॅम्प म्हणतात. काही मोठ्या माणसांना ४ वर हवा पुरत नाही. रॅम्पची वेळ घरी कमी करता येते. सुरुवातीचा दाब वाढवायचा असेल तर डॉक्टरांना किंवा टेक्निशियनला सांगा.

आवाज ओळखणं सोपं आहे. शिट्टी म्हणजे हवा निसटते आहे. गुडगुड म्हणजे पाइपमध्ये पाणी आहे. घरघर किंवा किरकिर, मास्क-पाइप काढल्यावरही चालूच, म्हणजे पंख्याचं बेअरिंग, आणि हे एकच काम सर्व्हिस सेंटरचं. शिवणयंत्राचं तेल सोडू नका; ते तेल श्वासात जाईल.

मास्क

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच.

मास्कवर समोर बारीक छिद्रं किंवा जाळी असते. तिथून सतत हवा बाहेर येते आणि आलीच पाहिजे, कारण आपण सोडलेला श्वास त्याच वाटेने जातो. 'लीक आहे' म्हणून तिथे टेप चिकटवणारे लोक आहेत. मग पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतो आणि सकाळी डोकं जड होऊन उठतो. टेप असेल तर आत्ता काढा.

याच्याच उलट चूक: दवाखान्यातून सुटी होताना मिळालेला निळ्या कोपराचा मास्क घरच्या मशीनला लावणं. निळा कोपर म्हणजे सहसा छिद्रं नसलेला मास्क, मोठ्या व्हेंटिलेटरसाठीचा. घरच्या एका पाइपच्या मशीनवर तो धोकादायक आहे. मास्कला छिद्रं कुठे आहेत ते दाखवता येत नसेल तर तो मास्क वापरू नका.

खरी गळती छिद्रांतून नाही, चेहऱ्याच्या कडेने होते. ती डोळ्यांना लागते, डोळे कोरडे होतात, आणि बाजूला झोपलेल्याची झोप मोडते. मशीन सकाळी गळतीचा आकडा किंवा लाल-हिरवी खूण दाखवते. एका प्रचलित मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती गेली की लाल होतं. बसून पट्टे आवळणं ही इथली पहिली चूक. झोपल्यावर गाल आणि हनुवटी सरकतात, म्हणून मास्क झोपूनच बसवायचा, तोही हवा चालू ठेवून. सगळे पट्टे ढिले करा. मास्क हलका पुढे ओढा म्हणजे सिलिकॉनची उशी फुगेल, मग चेहऱ्यावर टेकवा. खालचे दोन पट्टे सारखे ओढा, मग वरचे दोन. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. उजव्या-डाव्या कुशीवर वळून बघा. मशीनमध्ये 'मास्क फिट' असेल तर ते दाबा. रात्रीच्या दाबाने थोडा वेळ हवा येते आणि खरी परीक्षा होते.

नाकाच्या हाडावर जखम झाली की लोक मास्क छोटा आहे म्हणतात. बहुतेक वेळा तो जास्त आवळलेला असतो, आणि आवळावा लागतो कारण सिलिकॉन थकलेलं असतं. नखाने दाबून बघा. कडक, पिवळट किंवा चिकट झालं असेल तर उशी बदलायची वेळ आली. उशी सुटी मिळते, अख्खा मास्क घ्यावा लागत नाही.

रात्री तोंडाला खोबरेल लावून झोपायची सवय असेल तर मास्क घसरणारच. तेल सकाळी लावा. दाढीचे खुंट उशीला धरू देत नाहीत. मिशी ठेवायची असेल तर नाकपुड्यांत बसणारा मास्क मागा. उशी रोज कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात टाकली की सिलिकॉन लवकर कडक होतं. डेटॉल, स्पिरिट, ब्लीचिंग यांचं काम नाही.

तोंड कोरडं पडून जाग येते, मशीन गळती दाखवते आणि मास्क मात्र घट्ट आहे? मग हवा तोंडातून जाते. हनुवटीचा पट्टा लावून बघा. नाक चोंदत असेल तर आधी मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. जमलं नाही तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क.

काही मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतं. पेशंटला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर त्यापासून चुंबक किमान १५ सेंटीमीटर लांब राहिलं पाहिजे. साधी क्लिप मागून घेणं हे जास्त बरं.

पाण्याचा टब

टबमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचं. मेडिकलमध्ये ५ लिटरची कॅन सांगून ठेवली की येते. रात्री ३०० मिलिलिटर धरलं तर सोळा रात्री. बॅटरीचं पाणी त्याच जागी चालेल असं वाटतं, पण ते पिण्या-श्वासासाठी भरलेलं नसतं, कॅन कशाकशाला वापरलेली असते सांगता येत नाही. नको.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोरचं पाणी टबमध्ये घातलं तर पंधरवड्यात तळाला पांढरी खपली धरते. क्षार हवेबरोबर फुप्फुसात जात नाहीत, पाणी उडून ते मागे राहतात आणि तळाच्या धातूच्या पत्र्यावर बसतात. पत्रा गरम होतो, पण उष्णता पाण्यात उतरत नाही. मग ओलावा कमी, नाक कोरडं, आणि माणूस सेटिंग वाढवत बसतो. उकळून पाणी जंतूंपासून सुटतं, क्षारांपासून पूर्ण नाही. आरओच्या पाण्यात खपली कमी, पण धरतेच. डिस्टिल्ड संपलं तर उकळून गार केलेलं आरओचं पाणी एक-दोन रात्री चालेल.

खपली काढायला पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी नऊ भाग, अर्धा तास भिजत. मग मऊ ब्रशने घासून तीनदा धुवा. संडास धुवायचं ॲसिड किंवा तारेची घासणी लावली की पत्रा आणि सील दोन्ही गेले.

रोज सकाळी उरलेलं पाणी ओता. त्याच्यावरच नवीन भरत राहिलात तर चौथ्या-पाचव्या दिवशी कडेला बुळबुळीत थर येतो. टब भरताना खूण ओलांडू नका. बहुतेक टब ३२५ ते ३८० मिलिलिटरचे असतात.

पाणी खाली गळतं? टब रिकामा करून झाकणाभोवतीचं रबरी सील बघा. सील घडीत अडकलं असेल तर सरळ बसवा. तळाशी तडा असेल तर टब बदला, फेविक्विकचा वास श्वासात घेऊ नका.

पाणी तापतंय की नाही कळण्यासाठी रात्री पाण्याच्या पातळीवर पेनने खूण करा. खोली कोरडी, ओलाव्याचं सेटिंग ४-५, आणि सकाळी पातळी तिथल्या तिथे असेल तर हीटर किंवा टबची बैठक तपासावी लागेल. मात्र कूलरच्या खोलीत पाणी तसंही कमी उडतं, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

ऋतू बदलला की सेटिंग बदला

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया, गडचिरोलीकडे पहाटे पारा १० अंशांखाली जातो. टबातली गरम ओली हवा थंड पाइपमध्ये शिरली की पाणी होतं, पाइपच्या झोळात साचतं, गुडगुडतं आणि नाकावर थेंब पडतात. त्याला मशीनची गळती समजू नका. ओलाव्याचं सेटिंग एकेक आकडा उतरवा, मशीन डोक्याच्या पातळीखाली ठेवा म्हणजे पाणी चेहऱ्याकडे न येता परत टबात जाईल, आणि पाइप गोधडीखालून घ्या. जुन्या सुती साडीची खोळ पाइपला शिवली तरी चालते. तोंड मात्र उघडं. मास्कवरून पांघरूण घ्यायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये उलट. कूलर बंद असलेल्या कोरड्या खोलीत ४-५ लागतो, कूलर चालू असेल तर १-२ पुरतो. खिडकीतला कूलर थेट मशीनवर मारत असेल तर वाळ्याच्या टट्ट्यातले पाण्याचे कण फिल्टर ओला करतात आणि मशीन बंद पडते. मशीन कूलरच्या झोताच्या बाजूला, कोपऱ्यात ठेवा. बहुतेक मशीन ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेल्या आहेत. टिनाच्या छताखाली मे महिन्यात रात्री अकरालाही त्याहून जास्त असतं, आणि मशीनमधून बाहेर येणारी हवा खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असते. ॲडॉप्टर गादीवर ठेवू नका, मशीनभोवती चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा. अंगणात झोपत असाल तर मशीन स्टुलावर, जमिनीपासून वर. जमिनीवर ठेवली की मुंग्या आत घर करतात. दिवसा पाइप खुंटीला टांगा. पाल आत शिरू नये म्हणून मास्ककडचं तोंड स्वच्छ कापडाने बांधा, आणि रात्री लावण्याआधी पाइप एकदा झटका.

स्क्रीनवर काहीतरी लिहून येतं

टबचा संदेश आला तर टब काढून, कडा पुसून पुन्हा खटकन बसवा. पाइप अडकल्याचा संदेश म्हणजे पाइप दुमडला आहे किंवा त्यात पाणी साचलं आहे. मशीनमधलं मेमरी कार्ड 'रीड ओन्ली' आहे असा संदेश आला तर कार्डच्या कडेची बारीक खिट्टी खाली सरकली आहे. कॉम्प्युटरला लावताना ती सरकवणं बरोबर, पण परत मशीनमध्ये टाकताना ती उघडायला विसरतात. कॉम्प्युटरने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर 'नाही'. डॉक्टरांना लागणारी माहिती त्याच कार्डात आहे. मोटरचं आयुष्य संपत आल्याचा संदेश आला तर मशीन त्या रात्री चालेल, पण नवीनचा विचार सुरू करा. बहुतेक मशीन पाच वर्षं धरून बनवलेल्या असतात. दोषाचा आकडा दिसला तर मोबाइलवर फोटो काढा, प्लग काढून दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा. तोच आकडा परत आला तर मशीन उघडू नका.

आणि एक बिघाड जो बिघाड नसतो: बंद केल्यावरही काही मशीन अर्ध्या तासापर्यंत मंद हवा सोडत राहतात. पाइपमध्ये पाणी धरू नये म्हणून ते असतं. आपोआप थांबेल.

सेकंडहँड मशीन घेत असाल तर फिलिप्सची जुनी ड्रीमस्टेशन नीट पारखून घ्या. आवाज दाबणारा आतला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकतात म्हणून कंपनीने जून २०२१ मध्ये त्या पिढीच्या मशीन परत बोलावल्या होत्या. सिरीयल नंबर कंपनीला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

मशीन गेलीच तर

दुरुस्तीपर्यंत कुशीवर झोपवा, खाटेचं डोक्याकडचं टोक दोन विटांनी उचला. दारू आणि झोपेची गोळी नको, घसा आणखी सैल पडतो. दिवसा पेंग येत असेल तर ट्रॅक्टर आणि मोटरसायकल दुसऱ्याच्या हाती द्या. मशीनबरोबर ऑक्सिजन जोडलेला असेल तर क्रम लक्षात ठेवा: चालू करताना आधी मशीन मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन मग मशीन, आणि त्या खोलीत चूल, दिवा, विडी काही नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन करून मॉडेल सांगा, भाग शिल्लक आहे का आणि दुरुस्ती होईपर्यंत दुसरी मशीन मिळेल का विचारा, मगच निघा. सोबत ॲडॉप्टर, कार्ड, मास्क, संदेशाचा फोटो आणि दाब लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. एसटीत चढण्याआधी टब काढून रिकामा करून वेगळा बांधा. भरल्या टबासकट मशीन आडवी झाली की पाणी थेट पंख्यात जातं, आणि किरकोळ दुरुस्तीला निघालेली मशीन खरोखर मरून पोचते. परत घेताना काउंटरवरच चालू करून बघा. दुरुस्तीत सेटिंग पुसलं गेलं असेल तर मशीन ४ ते २० अशी मोकळी सुटलेली असू शकते. चिठ्ठीतला आकडा तिथल्या माणसाकडून आपल्यासमोर भरून घ्या.